व्हर्चेल्लीच्या पांढऱ्या सदऱ्यांविषयी मित्रास पत्र

तुरिन,
दि. १४ मे

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुझे पत्र आले. आपल्या पेठेच्या तालमीचे दोन उमदे फुटबॉल खेळाडू हंगामाच्या तोंडावर दुसऱ्या संघाने पैसे देऊन नेले, हे वाचून फार वाईट वाटले. त्यातला धाकटा तर आपल्या डोळ्यांदेखत तालमीच्या मातीत लोळून मोठा झालेला. तुला काय लिहावे ते सुचत नव्हते. मग रविवारी मी व्हर्चेल्लीला जाऊन आलो, आणि परतताना ठरवले की तेथील प्रो व्हर्चेल्ली या फुटबॉल क्लबची हकीकत तुला सविस्तर कळवावी, कारण तुला आज जे लागले आहे ते त्या गावाने शंभर वर्षांपूर्वी सोसले आहे.

तुरिनहून मिलानकडे जाणाऱ्या साध्या गाडीत बसले की तासाभरात दोन्ही बाजूंना भातखाचरे लागतात. या दिवसांत ती पाण्याने भरलेली असतात, आणि बांधावरची झाडे त्या पाण्यात उलटी दिसतात. क्षणभर मला आपण गगनबावड्याच्या वाटेवर आहोत असेच वाटले. व्हर्चेल्ली हे जेमतेम पंचेचाळीस हजार वस्तीचे, तांदळावर जगणारे गाव. या खाचरांत गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून भांगलण करणाऱ्या बायकांना ‘मोंदीने’ म्हणत, आणि त्यांनी झगडून १९०६ साली येथे आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी याच गावातील पोरांनी इटलीचे फुटबॉलचे विजेतेपद जिंकले.

क्लबचा जन्म आपल्याकडच्यासारखाच तालमीत झाला. १८९२ साली स्थापन झालेली ही मुळात व्यायामशाळा, आणि तेथे कसरत व तलवारबाजी चाले. मार्चेल्लो बेर्तिनेत्ती नावाच्या अठरा वर्षांच्या तलवारबाजाने १९०३ साली तेथे फुटबॉलची शाखा काढली. हा मनुष्य पुढे डॉक्टर झाला आणि १९२४ व १९२८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सांघिक तलवारबाजीची सुवर्णपदके त्याने मिळवली. पण मला विचारशील तर त्याचे मोठे काम ते नव्हे. पांढरा सदरा घालून खेळणारा तो संघ १९०८, १९०९, १९११, १९१२, १९१३, १९२१ आणि १९२२ असा सात वेळा विजेता ठरला. पहिल्या वर्षी परदेशी खेळाडूंवरील बंदीच्या वादामुळे जेनोआ, मिलान आणि तोरिनो हे मोठे संघ उतरलेच नव्हते, आणि काही लोक त्यावरून त्या विजेतेपदाला कमी लेखतात. पुढची सहा पाहिल्यावर त्या आक्षेपात काही उरत नाही.

या संघाचा प्राण होता मधल्या फळीत खेळणारा ग्विदो आरा. फुटबॉल हा नाजूक पोरींचा खेळ नव्हे, हे त्याच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य इटलीत अजून ऐकू येते; मला ते वाक्य आवडत नाही, कारण त्या काळी त्याच गावातील पोरी चिखलात उभ्या राहून अधिक कठीण काम करीत होत्या. आराचा खेळ मात्र निःसंशय थोर असला पाहिजे. १ मे १९१३ रोजी तुरिनमध्ये इटलीचा संघ बेल्जियमविरुद्ध उतरला तेव्हा अकरापैकी नऊ खेळाडू एकट्या प्रो व्हर्चेल्लीचे होते, आणि सामन्यातला एकमेव गोल आराने केला. एका छोट्या गावाने देशाला नऊ खेळाडू द्यावेत, हे मी गाडीत बसून पुन्हा पुन्हा मोजत होतो.

आता १९१० ची गोष्ट सांगतो, कारण तीच मला रात्रभर छळत राहिली. त्या वर्षी प्रो व्हर्चेल्ली आणि मिलानचा इंटर क्लब यांचे गुण समान झाले आणि निर्णायक सामना २४ एप्रिलला व्हर्चेल्लीत ठरला. क्लबचे काही खेळाडू त्या दिवशी सैन्याच्या स्पर्धेत अडकलेले होते, म्हणून तारीख बदलून मागितली गेली. इंटरने नकार दिला आणि इटलीचा फुटबॉल महासंघही हलला नाही. तेव्हा क्लबने निषेध म्हणून आपला चौथा संघ, म्हणजे दहा ते पंधरा वर्षांची मुले, मैदानात उतरवला. इंटर १०-३ असे जिंकले. क्लबवर बंदी आली, आणि म्हणूनच १५ मे रोजी मिलानमध्ये इटलीचा राष्ट्रीय संघ फ्रान्सविरुद्ध आपला पहिलावहिला सामना खेळला, तेव्हा देशातील ते उत्तम खेळाडू त्यात नव्हते. गावात ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते. अन्याय झाला होता हे मलाही मान्य आहे. तरी मोठ्यांचा राग त्या पोरांच्या अंगावर घालायला नको होता, असे मला मनापासून वाटते. आणि तरीही, अरविंद, त्या पोरांनी इंटरला तीन गोल केले!

शेजारच्या कासाले गावाला हे वैभव बघवेना. तेथील शिक्षक राफाएले याफ्फे यांनी १९०९ साली आपला क्लब काढला आणि पांढऱ्याला उत्तर म्हणून मुद्दाम काळा सदरा निवडला, त्यावर पांढरा तारा. १९१४ साली कासालेही विजेते झाले. हे याफ्फे ज्यू कुळातले. १९४४ साली आउशविट्झच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्याच १९१४ साली प्रो व्हर्चेल्ली ब्राझीलच्या दौऱ्यावर गेले होते, आणि त्यांचा व तोरिनोचा खेळ पाहून साव पावलोतील इटालियन लोकांनी आपला क्लब स्थापन केला, ज्याला आज जग पाल्मेइरास म्हणून ओळखते.

मग पैसा आला. १९२३ साली गावचा बचावपटू विर्जिनियो रोझेत्ता तुरिनच्या युव्हेंटस क्लबने नेला. खेळासाठी उघड मोबदला घेण्यास तेव्हा परवानगी नव्हती, त्यामुळे मोठे प्रकरण झाले. तो ज्या सामन्यांत खेळला ते युव्हेंटसच्या हातून काढून घेण्यात आले, पण रोझेत्ता काही परत आला नाही. १९२६ च्या नियमांनी अशा व्यवहारांना वाट मोकळी करून दिली. त्यानंतर भाताच्या गावाने मोटारींच्या शहराशी बरोबरी करायची ती कशाच्या बळावर? तरीही या मातीने सिल्व्हियो पिओला दिला. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी त्याने फिओरेंतिनाविरुद्ध एकाच सामन्यात सहा गोल केले. क्लबने तो ७-२ असा जिंकला. १९३४ साली पिओला रोमच्या लात्सिओ क्लबकडे गेला, आणि पुढच्याच हंगामात क्लब ‘सेरी आ’ या सर्वोच्च श्रेणीतून खाली उतरला. तिथे तो पुन्हा कधी पोहोचला नाही. १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पिओलाने हंगेरीविरुद्ध दोन गोल केले, तेव्हा व्हर्चेल्लीत काय वाटले असेल, याचा तूच विचार कर.

पुढची वर्षे खालच्या श्रेणींत गेली. २०१० साली जुनी संस्था मोडली आणि गावातील दुसऱ्या एका क्लबने तिचे नाव व पांढरा सदरा पुढे चालवला. २०१२ साली चौसष्ट वर्षांनी संघ दुसऱ्या श्रेणीत आला, आणि २०१८ साली पुन्हा खाली गेला.

रविवारी सामना नव्हता. मैदानाच्या दारावर पिओलाचे नाव आहे, आणि दार बंद होते. मी जाळीतून आत पाहिले: गवत नुकतेच कापलेले, आणि दूरच्या गोलजवळ पांढऱ्या सदऱ्यातली सात-आठ वर्षांची चार मुले चेंडू मारत होती. एकाचा सदरा इतका मोठा होता की बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, आणि तो प्रत्येक किकआधी त्या वर सारत होता. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

तालमीत सध्या सकाळी किती पोरे येतात ते कळव, आणि १९१० च्या त्या निर्णयाबद्दल तुझे मत काय तेही लिही. वहिनींना नमस्कार, चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा,
मधुकर