दरी पाहायला गेलो आणि धरण पाहून आलो

सोलापूर
मे महिना, रात्रीचे साडेबारा

प्रिय संत्या,

'पत्र लिहिण्यास कारण की' हे दहावीच्या पेपरात लिहून झालंय, म्हणून थेट सुरू करतो. तू स्मार्टफोन कपाटात टाकून बटणवाला घेतलास, स्पर्धा परीक्षेची प्रीलिम होईपर्यंत व्हॉट्सअॅप बंद, हे काकूंकडून कळलं. चांगलं केलंस. पण मग तुला सांगायचं कसं? फोनवर तू 'हं, हं' करत पान उलटतोस ते मला ऐकू येतं बे. सदाशिव पेठेत पोस्टमन अजून येत असेल अशी आशा आहे.

मी अमेरिकेहून घरी आलोय. पारा त्रेचाळीसच्या वर, आणि आज आमच्या भागात पाणी यायचा दिवस आहे. वेळ कुणालाच माहीत नाही, त्यामुळे जागा आहे. चार-पाच दिवसांचं पाणी एका रात्रीत भरून ठेवायचं, हे काही बदललेलं नाही. आल्यापासून पाहुणे येतात, सुट्टीतले फोटो बघायला मागतात, तिसऱ्या फोटोला कंटाळतात आणि विचारतात, "पण पगार किती पडणार?" तुझ्याकडून हा प्रश्न येणार नाही, म्हणून सगळं तुलाच.

स्प्रिंग ब्रेक म्हणजे मार्चमधली आठवड्याची सुट्टी. सिनेमात असतं तसं समुद्रावर लोळणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. आम्ही पाच जण. वरंगळचे दोघे, इंदूरचा एक, नागपूरची एक आणि मी. नागपूरवालीशी 'बे' म्हणण्यावरून पहिल्याच दिवशी जमली होती. वरंगळच्या दोघांची गंमत मात्र तुला सांगायलाच हवी. सुरुवातीला ते माझ्यासमोर बिनधास्त तेलुगूत बोलायचे. भाडं कुणी थकवलं, भांडी कोण घासत नाही, आणि 'हा सोलापूरवाला चटणी लपवून खातो' हेसुद्धा. मी पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलेला, शेजारीपाजारी सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, हे त्यांना काय माहीत! बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एकदा तेलुगूतच उत्तर दिलं. तेव्हापासून आमच्या घरात गुपित म्हणून काही राहिलं नाही.

इंदूरवाल्याला लास वेगासला जायचं होतं. त्या आठवड्यातले हॉटेलचे दर पाहून त्याने स्वतःच माघार घेतली. तरी त्याला जपावं लागत होतं, कारण आमच्यात पंचवीस पूर्ण केलेला तो एकटाच. त्याखालच्या ड्रायव्हरला भाड्याच्या गाडीवर रोजचा जादा आकार लागतो. त्यामुळे गाडीही त्याच्या नावावर आणि गाणीही त्याच्या पसंतीची.

आमचं टेंपी शहर अॅरिझोनात फिनिक्सला चिकटून आहे, वाळवंटात. तिथून उत्तरेला निघालं की आधी दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग, मग नुसती झुडपं, मग अचानक पाइनचं जंगल. अडीच तासांत समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवरून एकवीसशे मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. टी-शर्टवर निघालो होतो. फ्लॅगस्टाफला उतरलो तर रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. (तुझ्या जीएसच्या पेपरासाठी लिहून घे: १९३० साली प्लूटोचा शोध लागला तो याच गावातल्या लोवेल वेधशाळेत.)

आता ग्रँड कॅन्यन. लांबी ४४६ किलोमीटर, म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रभर मुंबईला जाते साधारण तेवढी. रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरच्या वर. हे सगळं आधी वाचलेलं होतं आणि कठड्याशी उभं राहिल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. खरं सांगू, पहिली पाच मिनिटं मला काही वाटलंच नाही. डोळ्यांना धरायला काही सापडत नाही बे. एवढं लांब आहे की पडद्यावर रंगवल्यासारखं सपाट दिसतं. मग खालच्या वाटेवर मुंग्यांएवढे ठिपके हलताना दिसले. ती खेचरं होती, पाठीवर माणसं घेतलेली. तेव्हा पोटात गोळा आला.

दरीतल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची टूम काढली. शिवा टेंपल कुठलं ते कळल्यावर मला राहवेना. दोन्ही हात वर करून आपल्या सिद्धेश्वर यात्रेतला जयघोष ओरडलो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" प्रतिध्वनी वगैरे काही आला नाही, समोरची कडा फार लांब. शेजारच्या एका अमेरिकन आजींनी मात्र दचकून तब्येतीची चौकशी केली.

दगडांचं गणित तुला आवडेल. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा. तिथे कड्याच्या माथ्यावरचा, म्हणजे सगळ्यात तरुण थर सत्तावीस कोटींचा. तळाशी जो विष्णू शिस्ट नावाचा खडक आहे तो १७० कोटींच्या आसपास. आपण ज्याला म्हातारा म्हणतो तो तिथे बालवाडीत.

साउथ काइबाब नावाच्या वाटेने सीडर रिजपर्यंत उतरलो. वरच्या वळणांवर बर्फ टणक झालेला, बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधाव्या लागतात. दीड मैलांतच साडेतीनशे मीटर खाली. जागोजागी पाट्या की उतरणं ऐच्छिक आहे, चढणं सक्तीचं, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा नाद करू नका. या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, सगळं पाठीवर न्यायचं. बाकीचे हे ऐकून धास्तावले. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

सीडर रिजवर जेवलो. आईने दिलेल्या कडक भाकऱ्या मी जपून ठेवल्या होत्या. कागदाची घडी उघडली, भाकरी मोडली तर कट्‌ असा आवाज झाला आणि चुरा वाऱ्यावर उडाला. शेंगाचटणी थंडीने घट्ट बसलेली. झाकण मांडीवर धरून चमच्याने खरवडावी लागली, पण उन्हात दोन मिनिटं ठेवली आणि कडेने तेल सुटायला लागलं. वास सुटताच एक खार आली. आपल्या खारीच्या दुप्पट, अंगाने भरलेली आणि भीड अजिबात नाही. तिथे प्राण्यांना खायला घातलं तर दंड आहे, शिवाय त्या चावतात. तिने नागपूरवालीच्या बॅगेची चेन दातांनी ओढायला घेतली. वरंगळवाला टाळ्या वाजवतोय, इंदूरवाला व्हिडिओ काढतोय आणि मी चटणीचा डबा डोक्यावर धरून उभा. हा फोटो आहे, भेटलास की दाखवतो. चढताना दुप्पट वेळ लागला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त धापा.

वर आल्यावर बाटली भरायच्या नळाशी एक माहितीफलक होता. कड्यावरच्या हॉटेलांना पाणी येतं ते दरीच्या पलीकडच्या बाजूच्या झऱ्यातून. तिथून पाइप खाली उतरतो, नदी ओलांडतो आणि मग पाणी वर चढवतात. वीसेक किलोमीटरची ही जलवाहिनी १९६०च्या दशकात टाकलेली, आणि ती सारखी फुटते. २०१०पासून ऐंशीच्या वर वेळा फुटली आहे. मोठी फुटली की हॉटेलात मुक्कामच बंद करतात. 'जलवाहिनी फुटली, पाणीपुरवठा विस्कळीत' हे सात समुद्रांपलीकडे वाचून मी एकटाच हसत सुटलो. बाकीच्यांना समजावून सांगणं शक्य नव्हतं. तुला लागणार नाही.

तिथून पुढे पेज नावाच्या गावी गेलो, नावाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या मुलखातून. अॅरिझोनात घड्याळ वर्षभर एकच असतं, पण नावाहो भागात मार्चमध्ये तासभर पुढे करतात. त्यामुळे मोबाइल वाटेत दर थोड्या वेळाने वेळ बदलत होता आणि आम्ही सतत उशिरा किंवा लवकर पोहोचत होतो. नदी घोड्याच्या नालासारखी वळते ती जागा पाहिली, हॉर्सशू बेंड. सुंदर आहे, पण फोटो काढणाऱ्यांच्या कोपरांमधून पाहावी लागते. अँटिलोप कॅन्यनमध्ये गाइडशिवाय जाता येत नाही, आणि तिकिटाच्या पैशात आमचा महिन्याचा किराणा आला असता. राहू दिलं.

आणि मग ग्लेन कॅन्यन धरण. संत्या, इथे मी सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत थांबलो. भिंत २१६ मीटर उंच, दोन लाल कड्यांमध्ये कमानीसारखी ताणलेली. शेजारी पूल आहे, त्यावरून चालत जाता येतं. जाळीला फोटोसाठी भोकं ठेवली आहेत. एका बाजूला दोनशे मीटर खाली हिरवीगार, नितळ नदी. गाळ सगळा धरणामागे बसतो, म्हणून नितळ. दुसऱ्या बाजूला लेक पॉवेल आणि त्याच्या लाल कड्यांवर पांढरा पट्टा. बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पडतो ना, अगदी तसा. पाणी पूर्वी तिथवर होतं. १९६३ला अडवायला सुरुवात केली, पहिल्यांदा पूर्ण भरायला १९८० उजाडलं. (आपली उजनीही १९८०चीच.) २०२३मध्ये साठा पाव भागाच्याही खाली गेला होता. आणखी नऊ-दहा मीटर उतरला असता तर वीजनिर्मिती बंद पडली असती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मायनसमध्ये जायला किती राहिलं होतं?" नागपूरवालीला कळेना की धरण मायनसमध्ये कसं जातं. मग तिला पुलावर उभं करून उजनी शिकवली. ११७ टीएमसीचं धरण, त्यात ६३च्या वर मृतसाठा, म्हणून टक्केवारी शून्याखाली मोजायची. २०२४च्या उन्हाळ्यात उणे साठच्या घरात, आणि आपल्याकडची शेंबडी पोरंसुद्धा सकाळी पेपरात क्रिकेटच्या आधी तो आकडा बघतात. ती म्हणाली, "तू फिरायला आलास की तपासणीला?"

पण भांडणं बघ किती सारखी. तुला कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवाद, १९७३चा निवाडा तोंडपाठ असेल. यांचा करार त्याहून जुना, १९२२चा. सात राज्यांनी कोलोरॅडो नदी वरची आणि खालची अशी दोन भागांत वाटून घेतली. हिशोब धरला तो नेमका चांगल्या पावसाच्या वर्षांचा. त्यामुळे नदी कागदावर मोठी, प्रत्यक्षात छोटी. आज बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या फिनिक्सकडे तिचं पाणी ज्या कालव्याने येतं तो पुढे टुसॉनपर्यंत जातो, एकूण ५४१ किलोमीटर, आणि शेवटापर्यंत पाणी जवळजवळ नऊशे मीटर वर उचलावं लागतं. म्हणजे मी तिथे रोज ज्या नळाखाली निवांत आंघोळ करतो, त्यातलं काही पाणी असलं.

सगळ्यात टोचलं ते वेगळंच. परतताना एका पेट्रोल पंपावर पिकअप गाड्यांची रांग होती, मागे प्लास्टिकच्या टाक्या. लोक घरचं पाणी भरत होते. नावाहो मुलखातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या घरांत नळच नाही, आणि १९२२च्या वाटपाला त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. धरण उशाला, कोरड घशाला. एक म्हातारा पाइप धरून उभा होता, टाकी काठोकाठ भरल्यावर पाइप बंद करून त्यातलं उरलेलं पाणी झटकून कॅनमध्ये घेतलं. आमच्या आज्जीची सवय. गाडीत बराच वेळ मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. मग इंदूरवाल्याने त्याची गाणी लावली आणि विषय संपला.

आता कामाचं. पाणी उतरल्यावर लेक पॉवेलमध्ये बुडालेल्या घळी पुन्हा उघड्या पडल्या आहेत, लोक होड्या घेऊन बघायला जातात. तसं आपल्याकडे उजनीत बुडालेलं पळसदेवचं देऊळ. दरवर्षी 'जाऊ की बे' म्हणतो आणि पाऊस येऊन ते परत पाण्यात जातं. या वेळी जायचंच. उजनी खाली गेली आहे, रोहित पक्षीही अजून आहेत म्हणे. तू पुण्याहून एसटीने भिगवणला उतर, मी इकडून बाबांची गाडी घेऊन येतो. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, रविवारी पुण्याचे लोक फार येतात. होडीवाल्याशी भाव तू करायचास, मला आता ते जमत नाही. मासे मी खाऊ घालतो. तुझा अभ्यास बुडाला असं वाटू नये म्हणून वर लिहिलेल्या आकड्यांवर वाटेत प्रश्न विचारीन.

काकूंनी तुझ्यासाठी चटणी आणि दोन टॉवेल दिलेत, ते आणतो. दिवस ठरला की बटणवाल्यावरून मिस्ड कॉल दे. थांबतो, खाली मोटार सुरू झाल्याचा आवाज येतोय. आई उठायच्या आत पाइप लावतो.

तुझा,
सिद्ध्या