विसाव्याच्या जागेबद्दल

प्रिय मित्रा,

आपल्या पाणंदीला जिथे फाटा फुटतो ना, एक वाट नदीकडे मसणवट्यात जाते आणि दुसरी लिंगायतांच्या रुद्रभूमीकडे (दफनभूमीकडे) आणि कबरस्तानाकडे, तिथली गायरानाची जागा पंचायतीने स्मारकासाठी द्यायची ठरवली आहे. कोरोनात गेलेल्या गावच्या माणसांचं स्मारक. आराखडा मी करावा असं अध्यक्षांनी आणि पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं बंगल्यांच्या बागा आखल्या, कारखान्यांची आवारं आखली; हे काम मला मनापासून हवं होतं. कागद अजून पक्का झालेला नाही. तो होण्याआधी तुला लिहितोय, कारण तिथल्या दगडावर काकूंचंही नाव असणार आहे.

सभेत आधी कमानीचा विषय निघाला. निपाणीकडून येताना लांबून दिसेल अशी उंच कमान, खाली पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची पाटी, दोन्ही बाजूंना दिवे. लोकांची भावना चांगली होती, त्यात खोट नाही. मी एवढंच विचारलं, की उद्घाटन झाल्यावर माणूस तिथे जाऊन करणार काय? थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून एक आजी म्हणाल्या, "मला तितं बसाय जागा पायजे. सावलीत." त्यांचा मुलगा २०२१ च्या मे महिन्यात गेला. माझा सगळा आराखडा त्यांच्या या बोलण्यावर उभा आहे.

२०२१ चे ते दिवस तुला पुन्हा आठवून देणं जिवावर येतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तू पुण्यात अडकलेला, सीमेच्या नाक्यावर दाखवायचा कोरोनाचा रिपोर्ट वेळेत हातात आला नाही. काकूंना दवाखान्यातून गाडीने थेट नदीवर नेलं. किट घातलेली चार अनोळखी पोरं. खांदा नाही, मडकं नाही, घरावरून नेणं नाही. रक्षा सावडायला तुझ्या जागी मी आणि तुझा चुलतभाऊ. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या ज्यांच्या घरी असं झालं त्यांच्याशी बोलताना मला तेच ऐकू येतं. माणूस गेल्याचं दुःख आहेच, पण करायचं ते करता आलं नाही, ही सल त्याहून खोल रुतलेली आहे. शेजारीण गळ्यात पडून रडायलाही येऊ शकली नाही. म्हणून या जागेचं पहिलं काम मला असं वाटतं, की जे करायचं राहून गेलं ते करायला लोकांना ठिकाण मिळावं.

तुला आपला विसाव्याचा दगड आठवतो? तिरडी तिथे टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, आणि सगळे घटकाभर थांबायचे. पाणंद डांबरी झाली तेव्हा तो दगड भरावात गेला. तो मी आराखड्याच्या मध्यभागी परत आणतोय: काळ्या पाषाणाचा, सात फूट लांब ओटा. त्यावर कुणी बसणार नाही हे मला ठाऊक आहे आणि बसूही नये. बसायचे कट्टे त्याच्यापासून वीसेक पावलं लांब, अर्ध्या गोलात, दीड फूट उंचीचे, पाठ टेकायला भिंत असलेले. गुडघे धरलेल्या माणसाला आधाराशिवाय उठता यावं यासाठी ही उंची. लिंगायतांचं विमान (मृताला बसवून नेतात ती पालखी) आणि मुसलमानांचा जनाजा याच फाट्यावरून वळतो. थांबायचं की पुढे जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. जागा सगळ्यांच्या वाटेवर आहे, तेवढं मला पुरे.

जागा फाट्यावरच हवी असा हट्ट मी धरला त्याचं दुसरं कारण बायका. आपल्यात अजून बऱ्याच घरांत बाई मसणात जात नाही. वेशीपर्यंत येते आणि तिथून परत फिरते. नदीकाठी कितीही सुंदर स्मारक बांधलं तरी ते निम्म्या गावाला परकं राहील. फाट्यावर मात्र बायका रानात जाता-येता रोज थांबतात, भारा उतरवतात, पाणी पितात. तिथे पाण्याची टाकी, हात धुवायला नळ आणि डोक्यावरचा भारा टेकवायला खांद्याइतका उंच दगड मी दाखवला आहे. हा दगड बघून एका सदस्यांनी विचारलं, "याचा स्मारकाशी काय संबंध?" त्यांना मी बायकांमध्ये जाऊन विचारायला सांगितलं. पुढच्या बैठकीत त्यांनीच त्याला पाठिंबा दिला.

आता नावांबद्दल. अमेरिकेत वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक आहे, १९८२ चं. १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली, १,४२१ आराखडे आले आणि निवडला गेला तो माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. पुतळा नाही, खांब नाही. जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावं. तेव्हा त्या भिंतीला फार विरोध झाला, पुढे जवळच सैनिकांचे पुतळेही बसवावे लागले. पण माणसं जातात ती भिंतीपाशी. नावावर बोट फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीने नाव उतरवून घेतात, खाली चिठ्ठी ठेवतात. चकचकीत दगडात बघणाऱ्याला नावांच्या मधोमध स्वतःचा चेहरा दिसतो. तिथली नावं अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहेत; एकाच दिवशी पडलेले मित्र शेजारी शेजारी. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या मृतांची नावं कोरताना तर घरच्यांना विचारलं होतं, की तुमच्या माणसाच्या शेजारी कुणाचं नाव हवं.

आपल्याकडे मी नावं गल्लीप्रमाणे लावणार आहे. जी माणसं जन्मभर एकमेकांच्या ओसरीवर बसली ती दगडावरही शेजारी असावीत. जात, आडनाव, मान यांवरून क्रम लावायचा विषय त्यामुळे आपोआप मिटला. लिपीचा विषय मात्र निघणारच होता आणि तो निघाला. आपल्या सीमाभागात पाटीवर कुठली अक्षरं वर, यावरून काय काय होतं हे तुला नव्याने सांगायला नको. मी दोन्ही लिप्या एकाच उंचीवर, एकाच आकारात दाखवल्या. दगड दोन, समोरासमोर. मधून चालताना एक हात मराठी नावावर, दुसरा कन्नड नावावर सहज पोचेल एवढंच अंतर. दोन्हीकडच्या घरांची माणसं गेली आहेत, आणि सभेत यावर आवाज चढला नाही याचं मला फार समाधान आहे.

स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १७ जानेवारी येतो, १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जमलेली माणसं येतात. त्या दिवसाचं मोल मला आहे, लहानपणापासून मी तिथे उभा राहिलोय. पण घरातला माणूस आठवतो तो तारीख बघून नाही. तो कुठल्याही मंगळवारी दुपारी आठवतो. त्यासाठी जागा कायम उघडी, कायम सावलीची लागते. बेळगावच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर घे. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, जमणाऱ्या माणसांना पाणी हवं म्हणून ती खोदली. आज तीच त्या अधिवेशनाची खूण आहे. आणि नंदगड! इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला तिथे फाशी दिली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला लोक मूल व्हावं म्हणून छोटे पाळणे बांधतात. फाशी गेलेल्या माणसाच्या समाधीवर पाळणे! कुणा वास्तुकाराला हे सुचलं नसतं. लोकांनी तिथे येऊन काहीतरी करायला घेतलं आणि जागा जिवंत राहिली. आपल्या मारुतीसमोरचे वीरगळही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, तसेच. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कुणाचा वीरगळ ते गावात कुणाला ठाऊक नाही, तरी सणाला त्याला तेल लागतं.

जमिनीत थोडा चढ आहे. तिथल्या पायऱ्यांसाठी मी स्टॉकहोमच्या वनातल्या दफनभूमीची युक्ती घेतली. तिथे टेकडीवरच्या झाडांच्या बसायच्या जागेकडे जाताना पायऱ्या वर वर जाताना कमी उंचीच्या होत जातात, म्हणजे माणूस वर पोचतो तो धाप न लागता. ज्याच्या मनावर ओझं आहे त्याच्या पायांचा इतका बारीक विचार कुणीतरी केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

झाडांवर मात्र वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, प्रत्येक नावाचं एक झाड लावू. मी त्याला ठाम विरोध केला. पहिल्या तीन उन्हाळ्यांत काही रोपं जळणारच, आणि ज्या आईच्या मुलाचं झाड वाळेल तिला आपण तोच घाव दुसऱ्यांदा देऊ. त्यापेक्षा एक सगळ्यांची राई. आपल्याकडे हल्ली रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाच्या खड्ड्यात घालतात. ज्यांनी त्या वर्षीची थोडी रक्षा घरी जपून ठेवली आहे त्यांनी ती राईच्या खड्ड्यांत घालावी, असं ठरलं. (तुझ्याकडे ती पितळी डबी आहे हे मला माहीत आहे.) झाडं पुराला टिकणारी: अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर, पाण्याच्या अगदी जवळ वाळुंज. गुलमोहर नको म्हटलं. त्याची मुळं वरवरची, फांद्या ठिसूळ. झाडांनी काय होतं असं विचारणाऱ्यांना मी १९८४ मध्ये छापून आलेला एक अभ्यास सांगितला. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रोगी. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जड औषधंही कमी लागली.

पूर येणार हे धरूनच सगळं आखलंय. २०१९ च्या ऑगस्टात आपली नदी, वेदगंगा, या फाट्याच्याही वर चढली होती. म्हणून फरशी नाही, टाइल्स नाहीत, विजेच्या तारा नाहीत. खडबडीत घडवलेला दगड, सांध्यांत माती. कडेला एक उभा खांब, त्यावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा. जपानमध्ये आनेयोशी गावात १९३३ च्या त्सुनामीनंतर एक दगड उभारला: याच्या खाली घरं बांधू नका. गावाने ते पाळलं, आणि २०११ ला लाट दगडाच्या खालीच थांबली. आपल्या मुलांनाही खांबावरची रेघ बघून कळू दे, की वस्ती कुठवर सरकवायची.

पूर ओसरला की गाळ काढावा लागेल. हे काम कंत्राटदाराला द्यायचं नाही, गावाने करायचं, असं मी आराखड्यातच लिहिलंय. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची राई १९९१ मध्ये अशीच सुरू झाली: बागेतला एक उजाड खोलगट कोपरा मित्रांनी आणि नातेवाइकांनी मिळून साफ केला, आणि आजही ठरलेल्या दिवशी माणसं जमून तिथे तण काढतात. ज्या आजाराचं नाव घ्यायलाही घरचे लाजत होते, त्या आजारातल्या माणसांसाठी. आपल्याकडेही त्या वर्षी काही घरांनी आजार लपवला, काही घरांवर गावाने वाट बंद केली. ती घरं आणि बाकीचं गाव एका ओळीत घमेली पास करतील, तो दिवस मला बघायचाय. कमानीचे पैसे वाचले ते पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याच्या टँकरसाठी आणि एका माळ्याच्या पगारासाठी बाजूला काढायला सभेने मान्यता दिली आहे.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. काकूंचं नाव कसं कोरायचं ते ताईशी बोलून कळव. कागदोपत्री आहे तसं, की अख्खी गल्ली त्यांना ज्या नावाने हाक मारायची तसं. पाथरवट दिवाळीनंतर काम सुरू करणार आहे. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की खड्डे भरायला ये. रजा आत्ताच टाक. यायच्या आदल्या दिवशी फोन कर, मी निपाणी स्टँडवर गाडी घेऊन येतो.

तुझा,
वि.