सायकल विकली, बंड्या

कोथरूड,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

सायकल विकली.

आता पाणी पी आणि मग पुढे वाच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू पहिल्याच वाक्याला शिव्या घालायला लागतोस आणि मला सांगायचं ते राहून जातं. सहा-सात महिन्यांत मी तुझी चौकशी केली नाही, त्याच्याही शिव्या यातच उरकून घे. तब्येत म्हणशील तर शुगर बरी आहे, गुडघे गेले. पुढे.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर जागा सोडायची. भाड्याच्या फ्लॅटला बाल्कनी नाही. सायकल जाणार म्हटल्यावर हिची काळजी एकच, की आता ओले टॉवेल कुठे टाकायचे. गेली बारा वर्षं आपल्या नॉटिंगहॅमच्या राणीसाहेब, आपली रॅले सायकल, तेच काम करत होत्या रे! मुलीने मोबाइलवर फोटो टाकले आणि दोन दिवस नुसते 'लास्ट प्राइस काय' म्हणून मेसेज. एकाने विचारलं, ही इलेक्ट्रिक होईल का. तू इथे असतास तर त्याच्या घरी गेला असतास.

शनिवारी वाकडहून एक मुलगा आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, आयटीतला. आल्या आल्या त्याने सीटखालच्या नळीवरची ती रेनॉल्ड्स 531 ची, म्हणजे नळ्यांच्या नामी पोलादाची, पट्टी रुमालाने पुसली आणि जरा वेळ काही बोललाच नाही. मग विचारलं, "काका, बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पायडलचा आस बसतो तिथले, आटे इंचाला 24 की 26?" बंड्या, चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कॅम्पातल्या त्या पारशी बाबांनीही नाही. म्हटलं, 26, रॅलेची स्वतःची तऱ्हा. आपला मिस्त्री 24 चा कप हातोडीने बसवायला निघाला होता आणि तू त्याचा हात धरलास, ते सगळं सांगितलं. (तू धरलास असंच सांगितलं. मी धरला असं नाही सांगितलं. नोंद घे.) मुलगा म्हणाला, 27 इंची टायर आता सहज मिळत नाहीत, मी 700 ची, जरा लहान चाकं घालीन, रिम 4 मिलिमीटरने खाली जाते, तेवढे ब्रेक शू खाली सरकतील का बघू. त्याने सरकवूनही बघितले. बत्तीस हजार म्हणालो, त्याने लगेच दिले. आपण 1983 साली अकराशेला घेतली होती, साडेपाचशे-साडेपाचशे.

जाताना दारात त्याने सहज विचारलं, "काका, ॲक्सिडेंट वगैरे कधी?"

मी म्हणालो, "छे."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तुला ती सुरकुती आठवते ना? हँडलपासून खाली पायडलकडे जाणाऱ्या नळीला, खालच्या अंगाने, चार बोटांवर. दिसत नाही, हाताला लागते. या नळ्या टोकांना जाड आणि मधे पातळ असतात. समोरून दणका बसला की जाडी संपते त्याच्या आसपास पत्रा गोळा होतो. 1987 पासून मी सांगत आलो की ती तू पाडलीस. बोरघाटात, शिंगरोबाच्या खालच्या वळणावर. तुझ्या लग्नातसुद्धा पंगतीत सांगितलं आणि तुझे सासरे हसले.

ती मी पाडली होती.

तू घाटात जायच्या चार दिवस आधी, बोहरी आळीत, लोखंडी पट्ट्यांच्या हातगाडीवर मी समोरून आदळलो. मागे बघत होतो. कोणाकडे ते विचारू नकोस, ती आता आजी झाली आहे. पुढच्या चाकाचा चिमटा मागे वाकला. मिस्त्रीकडून रात्रीत सरळ करून घेतला आणि सुरकुतीवर फाटकाचा हिरवा ऑइलपेंट फासला. तू मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या तयारीला लागला होतास. लोणावळ्यापर्यंत लोकलच्या लगेज डब्यातून सायकल न्यायची, तिथून सायकलवर घाट उतरून खोपोली गाठायची, परत खंडाळा चढायचा. तुला सांगितलं असतं तर तू सायकल नेली नसतीस आणि वर मला धोपटला असतास. म्हणून नाही सांगितलं. तू पडलास, कॉलरबोन मोडलं, आणि ससूनच्या व्हरांड्यात म्हणत होतास की उतारावर हँडल थरथरत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, याला ब्रेक मारता येत नाही. वर दुरुस्तीचे म्हणून तुझ्याकडून पन्नास रुपये घेतले. हात गळ्यात बांधलेला असताना तू डाव्या हाताने ते मोजून दिलेस. मुंबई-पुणेचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस.

आता तो मुलगा येत्या रविवारी महाबळेश्वरला निघालाय. खंबाटकी चढून वाई, मग पसरणी. म्हणजे येताना तोच पसरणी घाट उतरायचा. मी स्वतःला समजावतो की त्यानंतर मीच तिच्यावर वीस वर्षं खडकवासला केलं, सिंहगडच्या पायथ्यापर्यंत गेलो. दर दसऱ्याला झेंडूचा हार घालताना बोट तिथे जातंच, सुरकुती तसूभर वाढलेली नाही. मिस्त्री म्हणायचा, पोलाद सांगून मोडतं, आधी रंगाला तडा जातो. सगळं खरं. पण मी कुठलाही उतार सुसाट कधी उतरलो नाही, बंड्या. कायम ब्रेक दाबून. तू मला त्यावरून 'आजीबाई' म्हणायचास, आणि ब्रेक का दाबतो ते मला माहीत होतं.

ही म्हणते, त्याने नीट बघून घेतली, तुम्ही कशाला उकरता. पण त्याने नीट बघितली नाही, कारण मी ती भिंतीला खेटून तशीच उभी केली होती.

सकाळी त्याला फोन करणार आहे. रात्री दोनदा नंबर काढला आणि ठेवला. आधी तुला कळावं असं वाटलं.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? धाकट्याला नोकरी लागल्याचं आमच्या मेहुण्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, अभिनंदन. सांगलीत पाणी चढलं होतं तेव्हा फोन करायला हवा होता, राहिला.

हिशेबाचं: तुझा वाटा सोळा हजार पन्नास. मुलाने सायकल परत आणली तर नुसते पन्नास.

तुझा,
आजीबाई