जुन्या गाण्यांची क्रमवारी लावताना

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की गोव्यात गावोगावची मंडळे, वाड्यांवरचे व्हॉट्सअॅप गट अमुक सालची दहा आवडती गाणी निवडायला घेतात. दहाव्यापासून पहिल्याकडे येताना ऐकणारे रंगून जातात, आणि पहिले गाणे लागले की कुणीतरी म्हणतेच, ‘हे त्या सालचे नव्हे!’ दोष गाण्याचा नसतो. साल म्हणजे काय, हेच आधी ठरलेले नसते.

सिनेमाच्या गाण्यांची तबकडी (रेकॉर्ड) बहुधा सिनेमाआधी बाजारात यायची, गाणे लोकांच्या तोंडी बसायचे ते नंतर. ‘दो रास्ते’ डिसेंबर 1969 मध्ये लागला, पण त्यातले ‘बिंदिया चमकेगी’ रेडिओवरच्या बिनाका गीतमाला या कार्यक्रमाच्या वार्षिक क्रमवारीत पहिले आले ते 1970 साली. त्यात चूक काही नाही. त्याचे निवेदक अमीन सयानी ज्यांना पायदाने म्हणत, ते क्रमांक तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती यांवर चढत-उतरत, प्रदर्शनाच्या तारखेवर नव्हे. तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात लागलेल्या सिनेमाची गाणी पुढच्या सालात धरायची की नाही, ते मतांच्या चिठ्ठ्या वाटण्याआधी ठरवावे आणि चिठ्ठीवरच छापावे.

दुसरी गफलत मतदानात होते. प्रत्येकाला एकच गाणे लिहायला सांगितले की गाजलेल्या सिनेमाचेच नुकसान होते. 1973 निवडले तर ‘बॉबी’ची मते तीन-चार गाण्यांत फुटतात आणि जेमतेम आवडणारे एखादे एकटे गाणे वर सरकते. म्हणून प्रत्येकाकडून पाच गाणी पसंतीच्या क्रमाने घ्यावीत. पहिल्याला 5 गुण, शेवटच्याला 1. एका चिठ्ठीवर एका सिनेमाची दोनच गाणी चालतील, असेही लिहावे, नाहीतर एखादा पाचही एकाच सिनेमाची लिहून देतो. ‘जंगली’तल्या ‘एहसान तेरा होगा’सारखे गाणे रफी आणि लता दोघांच्या आवाजात असेल, तर दोन्ही मिळून एक धरावे. आठवणीसाठी यादी छापणार असाल, तर ती दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांनी छापा, कारण वरच्या नावांवर हात आपसूक जातो. आणि मतदान चालू असताना कोण पुढे आहे ते गटावर अजिबात टाकू नये. लोक पुढच्याच्याच मागे जातात.

मोजणीला दोघे बसावेत, एकाने वाचावे, दुसऱ्याने मांडावे. ताळा सोपा आहे: एका पूर्ण चिठ्ठीचे गुण 15, म्हणजे 60 चिठ्ठ्यांची बेरीज 900 यायलाच हवी. कमी आली तर कुठेतरी ओळ सुटली आहे किंवा चिठ्ठी अर्धवट भरलेली आहे. गुण सारखे झाले तर जास्त चिठ्ठ्यांवर आलेले गाणे वर घ्यावे. तिथेही बरोबरी असेल तर दोघांना एकच क्रमांक द्यावा.

गाणी वाजवताना मात्र फार हयगय होते. आंतरजालावरच्या कित्येक प्रतींचा वेग वाढवलेला असतो, त्यामुळे सूर चढतो आणि ओळखीचा आवाज पातळ, पोरकट वाटतो. पेटीवर गाण्याचा षड्ज (सा) लावून बघावा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी अडकत असेल तर शंका घ्यावी आणि सीडीशी ताडून पाहावे. शिवाय सिनेमातले गाणे आणि तबकडीवरचे गाणे नेहमी एकच नसते, कधी अख्खा अंतरा कमी-जास्त असतो. लोकांच्या कानात बसलेय ते बहुधा तबकडीवरचे, तेव्हा तेच लावावे. पंचवीस गाण्यांचा घाट घातला असेल तर पंचविसाव्यापासून अकराव्यापर्यंतच्या पंधरांचा मुखडा आणि एक अंतरा पुरे. शेवटची दहा पूर्ण ऐकवावीत.

आणि एक आग्रह. निवेदनात गायक, संगीतकार, गीतकार येतात, वाद्यमेळ बांधणारा येत नाही. गोव्यात तरी तो आलाच पाहिजे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ वर्षानुवर्षे बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा आपल्या गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या क्रमवारीत ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ वाजले आणि ते नाव प्यारेलाल यांच्या गुरूचे, एवढे एक वाक्य निवेदकाने सांगितले नाही, तर ऐकणाऱ्यांना निम्मेच गाणे मिळाले. वाचकपसंतीची यादी आपण पुरवणीत छापाल तेव्हा मतमोजणीच्या नियमाखाली ही नावेही छापावीत, ही विनंती.

आपले,
जुन्या गाण्यांचे काही श्रोते, फोंडा