मॉन्टसेराटला घरचं मैदान द्या : ब्रिटनच्या सागरपार प्रदेश मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सागरपार प्रदेश मंत्री,
परराष्ट्र खाते, लंडन

मंत्रिमहोदय,

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर लंडनला आले आणि आता उत्तर लंडनमधल्या स्टोक न्यूइंग्टनची झाले. इथेच कर भरते, इथेच मतदान करते. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे. मराठीत मुद्दाम लिहितेय, कारण अख्खं गाव नकाशावरून उठणं म्हणजे काय, हे माझ्या माणसांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मामा आम्हा पोरांना काठावर नेऊन बोटाने दाखवायचा, तिथे देऊळ, तिथे आपलं अंगण.

आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी (त्यांना मी पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणते) मॉन्टसेराटच्या आहेत. कॅरिबियन समुद्रातलं जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं हे बेट तुमच्याच खात्याच्या अखत्यारीत येतं. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक किल्ली टांगलेली असते. पितळी, दात झिजलेली, हिरव्या फितीत ओवलेली. प्लिमथमधल्या त्यांच्या घराची. प्लिमथ कागदोपत्री अजूनही बेटाची राजधानी आहे, पण तिथे कुणी राहत नाही. 18 जुलै 1995 ला सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला, शहर रिकामं करावं लागलं आणि पुढच्या दोन वर्षांत ते राखेखाली गाडलं गेलं. 25 जून 1997 ला डोंगरावरून तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट उतरला, त्यात 19 माणसं गेली. विमानतळही त्याच वर्षी गेला. अकरा-बारा हजारांच्या वस्तीतली दोन तृतीयांश माणसं बेट सोडून गेली. अर्ध्याहून जास्त बेट आजही प्रवेशबंद आहे.

मला तुमच्याशी बोलायचंय ते या बेटाच्या फुटबॉल संघाबद्दल. जिथे घरंच उरली नाहीत तिथे फुटबॉलचं काय, असं तुमच्या खात्यात कुणाला वाटू शकतं. म्हणून या संघाचं आजवर काय काय झालं ते आधी सांगते.

मॉन्टसेराट फिफाचं सदस्य झालं 1996 मध्ये. म्हणजे राजधानी ओस पडत होती, लोक उत्तरेकडे शाळांत आणि चर्चमध्ये मुक्काम ठोकून होते, त्या दिवसांत तिथल्या कुणीतरी कागदपत्रं पुरी करून आपल्या बेटाचं नाव जगाच्या यादीत घातलं. मला याचं फार मोल वाटतं. 2000 मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हा संघ पहिल्यांदा उतरला. डॉमिनिकन प्रजासत्ताकाविरुद्धचे दोन्ही सामने हरला.

मग 30 जून 2002. योकोहामात ब्राझील आणि जर्मनी विश्वचषकाची अंतिम लढत खेळत होते, आणि त्याच दिवशी भूतानमध्ये थिंफूच्या चांगलिमिथांग मैदानावर जगातले सर्वांत तळाचे दोन संघ समोरासमोर आले. भूतान 202 वा, मॉन्टसेराट 203 वा. ही कल्पना एका डच जाहिरात संस्थेची. हॉलंड त्या विश्वचषकाला पात्र ठरलं नव्हतं, त्या हळहळीतून ती सुचली. मॉन्टसेराटवर तेव्हा विमानतळ नव्हता, नवा झाला 2005 मध्ये. बेटावरून निघायचं तर बोट नाहीतर हेलिकॉप्टर, आणि पुढे विमानांमागून विमानं बदलत अर्धी पृथ्वी ओलांडायची. समुद्रकाठची ही पोरं 2,300 मीटर उंचीवर खेळायला उभी राहिली. हरली 4-0 ने. भूतानच्या कर्णधाराने, वांग्याय दोरजीने, तीन गोल केले. सामना बघायला सगळं थिंफू लोटलं होतं, आणि जगाच्या यादीतल्या शेवटच्या संघाला त्या लोकांनी पाहुण्यासारखं वागवलं. कोल्हापुरात पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम कसं भरतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. हरलेल्या संघाला मानाने निरोप देणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे.

2004 मध्ये बर्म्युडाने त्यांना आधी 13-0 आणि मग 7-0 असं हरवलं. आजही हे आकडे थट्टेने सांगितले जातात. मला राग येतो. वस्ती पाच हजारांच्या खाली घसरलेली. त्यातून म्हातारी माणसं, बाया आणि लहान मुलं वगळली, तर अकरा जण निवडायचे कुठून? विशीतली पोरं हॅकनीत, बर्मिंगहममध्ये, अँटिग्वात पोट भरायला गेलेली. बर्म्युडाने तेवीस वेळा हरवलं असतं तरी चूक त्या अकरा जणांची नव्हती.

पुढचं सगळं आमच्या गल्लीत घडलं म्हटलं तरी चालेल. 2002 च्या कायद्याने सागरपार प्रदेशांतल्या लोकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. बेट सोडून आलेल्यांची आणि त्याआधीच इथे स्थायिक झालेल्यांची मुलं लंडनच्या मैदानांवर वाढली. हॅकनी मार्शेसवर रविवारी सकाळी जाऊन बघा, माझा मुलगाही तिथेच चिखलात लोळून घरी येतो. या मुलांनी आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या बेटाचा हिरवा शर्ट घातला. ग्रेनिचमध्ये जन्मलेला लाइल टेलर त्यातलाच. डोनर्व्हन डॅनियल्स तर मॉन्टसेराटवरच जन्मला आणि लहानपणी इंग्लंडला आला. फिफात आल्यानंतरचा पहिला विजय मिळायला 2012 उजाडलं. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सवर 7-0! 2018 मध्ये मँचेस्टर सिटीचे जुने खेळाडू विली डोनाची प्रशिक्षक झाले. त्या मोसमात संघाने बेलीझ, अरुबा आणि केमन आयलंड्सला हरवलं, आणि उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियनच्या गोल्ड कपचं तिकीट निव्वळ गोलफरकाने हुकलं.

आणि 2021. विश्वचषक पात्रतेच्या गटात अँटिग्वाशी 2-2, एल साल्वादोरशी 1-1, अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सवर 4-0, ग्रेनेडावर 2-1. एकही सामना हरले नाहीत. तरी बाहेर पडले, कारण पुढे फक्त गटातला पहिला जाणार होता आणि एल साल्वादोरचे दोन गुण जास्त भरले. ग्रेनेडाचा सामना आम्ही मावशींच्या स्वयंपाकघरात मोबाइलवर पाहिला. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, शेगडीवर गोट वॉटर रटरटतंय. हा त्यांचा बकऱ्याच्या मटणाचा पातळ रस्सा, लवंगेच्या वासाचा. आमच्या पांढऱ्या रश्श्याशी रंगात जमत नाही, पण आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून आणि लग्नातही तो तसाच रांधतात. सामना संपला तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत. उठल्या, ओल्या फडक्याने ती किल्ली पुसली आणि परत खिळ्याला अडकवली.

मंत्रिमहोदय, लंडनने बेटासाठी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. विमानतळ, घरं, दवाखाना, पगार यांवर ब्रिटनच्या तिजोरीतून शेकडो दशलक्ष पौंड गेले आहेत. पण 1997 मध्ये, राख अजून गरम असताना, मदत मागणाऱ्या या लोकांना उद्या सोन्याचे हत्ती हवे असतील, असं ब्रिटनच्याच एका मंत्र्यांच्या तोंडून निघालं होतं. बेटावरची माणसं ते विसरलेली नाहीत. मावशीही नाहीत. म्हणूनच आज मी मागतेय ते अगदी नेमकं मागतेय.

बेटाच्या उत्तरेला लुकआउट गावात ब्लेक्स इस्टेटचं मैदान आहे. राष्ट्रीय संघाचं घर तेवढंच. ते आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या निकषांना दर वर्षी उतरेल असं राखण्याचा खर्च तुमच्या खात्याने बेटाच्या विकास आराखड्यात कायमचा धरावा. 2011 मध्ये बेलीझविरुद्धचा ‘घरचा’ सामना या संघाला त्रिनिदादमध्ये खेळावा लागला होता. त्या दिवशी पाच गोल खाल्ले, तेही परक्या मैदानावर, जिथे बेटावरची शाळकरी पोरं पोहोचूच शकत नव्हती.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. अँटिग्वाहून मॉन्टसेराटला जाणाऱ्या छोट्या विमानांत मोजकीच माणसं मावतात. पाहुणा संघ, पंच, सामान एका खेपेत उतरत नाही. त्यामुळे लिटल बेचं बंदर आणि भरवशाची बोट हा जितका व्यापाराचा प्रश्न आहे तितकाच फुटबॉलचाही आहे, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनी वेळापत्रक ठरवताना फुटबॉल संघटनेलाही टेबलाशी बसवावं.

आणि बेटावरची मुलं. संघात लंडनची पोरं भरपूर आहेत, त्यांचं मला कौतुक आहे, पण लुकआउटच्या शाळेतल्या मुलीला किंवा मुलाला एक उन्हाळा इंग्लंडमध्ये सरावाला येता यावं, यासाठी प्रवासखर्चाची कायम तरतूद हवी. अशी किती मुलं असणार? एका मिनीबसमध्ये मावतील.

पुढच्या 17 मार्चला मावशी तीन वर्षांनी बेटावर जाणार आहेत. सेंट पॅट्रिकचा दिवस तिथे सुट्टीचा असतो, 1768 मध्ये त्याच दिवशी गुलामांनी उठावाचा बेत आखला होता त्याची आठवण म्हणून. या वेळी मी आणि माझा मुलगाही बरोबर जाऊ. मुलाने बूट बांधून ठेवलेत. तोपर्यंत तुमचं उत्तर आलं, तर ते मी ब्लेक्स इस्टेटवर मावशींना मोठ्याने वाचून दाखवीन.

आपली,
स्टोक न्यूइंग्टनची एक रहिवासी