दादाच्या गोळ्या आणि निफाडचं स्थळ

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता आलं नाही. तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि दादा शेजारच्या खोलीत. त्याच्याविषयी त्याच्या अपरोक्ष काही ठरवायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलंय, म्हणून हे पत्र आधी त्याला वाचून दाखवलं. दोन ओळी त्याने काढायला लावल्या, त्या काढल्या.

आत्याने दादासाठी निफाडचं स्थळ आणलंय. द्राक्षबागायतदारांचं घर, साधी माणसं, मुलगी शिकलेली. सगळं ऐकलं. आणि आत्याचं पुढचंही ऐकलं: त्याच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या दोन महिने बंद ठेवा, सुस्ती जाईल, पोट उतरेल, आजाराचं कुणापाशी बोलू नका, लग्न झालं की जबाबदारीने पोरगा ताळ्यावर येतो. आई, तू तिला नाही म्हणाली नाहीस. बाबा, तुम्ही गप्प बसलात. मला त्या गप्प बसण्याची फार भीती वाटली.

दोन वर्षांपूर्वीचा जून आठवा. रात्र रात्र जागायचा, सेट-टॉप बॉक्सवर टॉवेल टाकून ठेवायचा, कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे म्हणायचा. आई, तू वाढलेलं ताट त्याने बाजूला सारलं, त्यात काहीतरी कालवलंय म्हणाला, तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. बाबांना वाटलं एमपीएससीचा ताण आहे, मग वाटलं संगत वाईट, मग वाटलं आळस. जेलरोडवर कुणी म्हणालं बाहेरचं आहे. आपण त्र्यंबकला जाऊन तीन दिवस नारायण नागबळी केला. त्या पूजेबद्दल माझी तक्रार नाही, तुला तिने धीर दिला हे मी पाहिलंय. पण पूजा झाली आणि आपण वाट बघत बसलो. डॉक्टरकडे जाईपर्यंत आठ महिने गेले. या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं माणूस सावरणं सोपं जातं, हे मला नंतर कळलं. त्या आठ महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, आणि त्यात मीही आले. मी पुण्यात बसून "मूड खराब असेल" म्हणत होते.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. या शब्दाने लोकांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं एका माणसात दोन माणसं राहतात. तसं नसतं. विचार, भावना आणि समोरचं वास्तव यांचा सांधा सुटतो. नसलेला आवाज कानात खरोखरचा ऐकू येतो, आणि जो संशय येतो तो रोगच असतो, म्हणून कितीही समजावलं तरी जात नाही. शंभर माणसांत एकाच्या आसपास हा आजार आयुष्यात कधीतरी होतो, मुलांना बहुधा विशीच्या आगेमागे. आपल्या जेलरोडच्या वस्तीतही असे कितीतरी असतील. त्यांच्याही गोळ्या कपाटाच्या मागच्या कप्प्यात असतील.

आई, हे तुझ्यासाठी लिहिते. दहावीला मार्क कमी पडले म्हणून तू त्याला बोललीस, ते मनाला लागलं आणि तिथून हे सुरू झालं, असं तू मला तीनदा तरी म्हणालीस. एके काळी डॉक्टरही असंच म्हणत. फ्रीडा फ्रॉम-राइशमान नावाच्या बाईंनी 1948 मध्ये अशा रुग्णाच्या आईच्या वागण्यावर बोट ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या आया आपल्याच लेकराच्या आजाराचं ओझं वाहत राहिल्या. ते मत आता टाकून दिलेलं आहे. तुझ्या बोलण्याने हा आजार झालेला नाही. कारण एक नसतं. काही भाग रक्तातून येतो, काही गर्भात किंवा बाळंतपणात मेंदूला झालेल्या इजेतून, काहींच्या बाबतीत गांजाने भर पडते, मग वयाच्या एका टप्प्यावर ताण येतो आणि आतलं बाहेर पडतं. दादाच्या बाबतीत यातलं नेमकं कोणतं, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.

आणि बाबा, "खानदानात आहे" हे तुम्ही कुणाला बोलू देत नाही, ते मला कळतं. आप्पाकाका 2003 च्या सिंहस्थात घरातून निघाले, शेवटचे रामकुंडावर दिसले, त्यानंतर तुम्ही त्यांचं नाव घेतलं नाहीत. लहानपणी मला वाटायचं ते साधू झाले. आता वाटतं, ते आजारी होते आणि त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. पण रक्तात आहे म्हणजे कपाळावर लिहिलंय असं नव्हे. एका बीजाच्या जुळ्या भावंडांतसुद्धा एकाला हा आजार असला तर दुसऱ्याला निदान निम्म्या वेळा तरी होत नाही. मी दादाची सख्खी बहीण आहे, म्हणून हे मी माझ्यासाठीही वाचलं. लपवून माझा धोका कमी होत नाही.

आता गोळ्यांचं. त्यांची सवय लागत नाही, त्या झोपेच्या गोळ्या नाहीत. झोप जास्त येते, भूक वाढते, वजन वाढतं, हे खरं आहे आणि दादाला त्याचा त्रास होतो. त्यावर उपाय डॉक्टरांशी बोलून निघतो. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, शुगर तपासत राहावी लागते. परस्पर बंद केल्या तर सुरुवातीला माणूस कधीकधी उलट तरतरीत दिसतो, आणि तिथेच घरचे फसतात. आजार उलटायला कधी महिने लागतात, पण बहुतेकांचा उलटतो. म्हणजे आत्याच्या हिशोबाने बरोबर हळदीच्या सुमारास. बाबा, तुमच्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये कागदाचा हिशोब जुळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नसे, हे तुम्हीच सांगायचात. गोळ्यांचा हिशोब तुम्ही ठेवा. आणि त्या गोदरेजच्या आतल्या कप्प्यातून काढा. आईची थायरॉइडची बाटली देवघराशेजारी उघड्यावर असते, दादाची पट्टी तिथेच ठेवा. आपल्या घरात त्याची गोळी लपवावी लागते हे तो रोज बघतो.

लग्नाने हा आजार बरा होत नाही. लग्न, नवी माणसं, जागरणं, खर्च, हा उलट ताणच असतो. लग्न होऊच नये असं मी म्हणत नाही. औषध चालू ठेवून संसार करणारी माणसं आहेत. पण त्या मुलीला न सांगता? उद्या तिने एवढी मोठी गोष्ट फसवून लपवली म्हणून कोर्टात जाऊन लग्न रद्द करून मागितलं तर कायदा तिचं ऐकेल. कायदा राहू दे. माझ्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?

दादा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते: "मला अजून कधीकधी आवाज येतात. आता ते आवाज आहेत हे मला कळतं. हे ज्या मुलीला सांगता येईल तिच्याशीच बोलेन." झेरॉक्सच्या दुकानात तो रोज चार तास बसतो, गिऱ्हाईक सांभाळतो. ज्या दिवशी त्याने स्वतःहून मिसळ खायला चल म्हटलं तो दिवस मला त्याच्या कुठल्याही निकालापेक्षा मोठा वाटतो.

शेजारच्या काकू त्याला बघून नातवाला आत ओढतात, ते मनाला लावून घेऊ नका, पण एकदा सांगा त्यांना. हा आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत, मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

एक अवघड गोष्ट राहिली. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या संशोधकांनी दवाखान्यातून घरी परतलेल्या रुग्णांकडे पाहिलं, तेव्हा ज्या घरांत सतत टोमणे आणि चिडचिड होती तिथे आजार जास्त वेळा उलटला. नुसते टोमणेच नव्हे, जिथे घरचे रुग्णाला क्षणभर मोकळं सोडत नव्हते तिथेही. बाबांचं "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" आणि आईचं दर अर्ध्या तासाने दार उघडून बघणं, दोन्ही थोडं कमी करूया. आजार तुमच्यामुळे झाला नाही, पण त्याचं बरं राहणं आपल्या घराच्या आवाजावर थोडंफार अवलंबून आहे.

मी शनिवारी सकाळी येते. दुपारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, या वेळी आपण चौघंही जायचं. आई, तुझे प्रश्न कागदावर लिहून ठेव, तिथे गेल्यावर तू विसरतेस. मधल्या काळात रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर 14416 लावा, टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आत्याला मी फोन करते. तुम्ही तिला काही सांगू नका, तुमच्यावर ते ओझं नको.

तुमची,
ताई

ता. क. दादाने काढायला लावलेल्या दोन ओळी बुधवारच्या बाजारात घडलेल्या गोष्टीच्या होत्या. तो म्हणतो, ते मी आईला स्वतः सांगेन. त्याने सांगितलं तर मध्ये न बोलता ऐक.