उंबरा

फलटण, रविवार

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. त्यावरून आईने रात्री बरंच ऐकवलं. आता आवाज न चढवता लिहितो.

तू बोट घेऊन एकटी जाणार म्हणालीस, ते डोक्यातून जात नाही.

तुझ्या इंग्लंडातल्या कालव्यावरचा केन हिलचा दिवस आठव. डिव्हायझेसहून उतरताना ओळीने 16 लॉक, म्हणजे बोट वर-खाली करायचे दारं लावलेले हौद, पुढचेमागचे धरून 29. दोन मैलांत 237 फूट उतार. तीस वर्षं मी नीरा उजव्या कालव्यावर काढली, पण बोटीसाठी पाण्याला पायऱ्या केलेल्या तिथेच पाहिल्या. दर लॉकला एवढं पाणी खाली सोडतात, म्हणून माझा जीव तुटत होता. ते पंपाने परत वर चढवतात, हे तू सांगितलंस तेव्हा कुठे चहा गोड लागला.

आणि तो वारा! बाजूच्या तळ्यांवरून आडवा यायचा. बोटीचा तळ सपाट, पाण्यात जेमतेम दोन फूट, वर मात्र भिंतच. मी सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला आणि बोटीचं नाक उजवीकडे गेलं, तेव्हा तू हसलीस. मग दांडा घेतलास आणि वाऱ्याकडे नाक धरून बोट दारात अशी नेलीस, की काठावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. आईला हे मी चारदा सांगितलंय. नानांनाही.

पण तेव्हा काठावर मी होतो. लॉक 14 फूट रुंद, तुझी बोट 7 फुटांचीही नाही. त्या दिवशी शेजारी त्या जोडप्याची बोट होती, म्हणून आपली हलली नाही. एकटीने दोर धरायचा की पॅडल, म्हणजे पाण्याची झडप, उघडायची? पाणी उतरताना मागचं टोक वरच्या दाराखालच्या त्या दगडी उंबऱ्यावर टेकलं, तर पुढचं खाली जातं आणि बोट लटकते. उंबरा कुठवर आहे ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेच्या पुढेच राहा. उंबऱ्यावर बसू नये असं आजी म्हणायची, त्याला तू अंधश्रद्धा म्हणायचीस.

झडप फिरवायचं हँडल पॅडलवर तसंच सोडू नकोस. खटका निसटला की ते गरगर फिरतं. नोकरीत एका चौकीदाराचं मनगट असंच गेलेलं मी पाहिलंय. बोट भिंतीला लागत असेल तर लागू दे, मध्ये पाय घालू नकोस.

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुला सगळं येतं, माहीत आहे मला. पाचवीत तू चारीवरून सायकल नेलीस, तेव्हाही मी ओरडलो होतो आणि मग लांबून बघत उभा राहिलो होतो. इथून ते जमत नाही.

जायचंच असेल तर जा. त्या बाजूच्या सीटवरच्या मैत्रिणीला विचारलंस का? नुसती काठावर उभी राहिली तरी चालेल. लाइफ जॅकेट घाल, स्वेटरवरूनच.

आईने मेतकूट पाठवलंय. डबा परत आणायचाय, ती विसरणार नाही.

शनिवारी वारा किती आहे, ते पाहून कळव.

तुझे,
बाबा